आजोबांच्या डब्यातले जुने फोटो, या इमारती कुठल्या? कुणी ओळखेल का?

फोंड्याची नात:

नमस्कार सगळ्यांना. मी फोंड्याला राहते. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पोर्तुगीज अमदानीत पणजीला अल्फांदेगात कारकून होते, म्हणजे आताचं कस्टम. त्यांच्याकडे एक काळा बॉक्स कॅमेरा होता, लहानपणी आम्हाला तो खेळायला मिळायचा. गेल्या महिन्यात आजी गेली आणि तिचं कपाट आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, आत ३६ फोटो, काही एकमेकांना चिकटलेले, काहींवर बुरशीचे ठिपके, आणि आता घरात असं एकही माणूस उरलं नाही की ज्याला विचारावं बाबा हे कुठलं. आईला विचारलं तर ती म्हणते पणजीच असणार, दुसरं कुठलं. आजी होती तेव्हा हा डबा कधी उघडून बसले नाही त्याचं फार वाईट वाटतंय.

पाच फोटो टाकतेय.

१) एक मोठं चर्च, पूर्ण पांढरं. समोर तीन दरवाजे, त्यावर तीन खिडक्या, त्याच्यावर तीन गोल खिडक्या आणि सगळ्यात वर नक्षीकाम केलेलं टोक. शेजारी चिकटून लांबलचक दुमजली इमारत. असं पांढरं चर्च मी गोव्यात कुठे पाहिलेलं नाही, मला वाटतं हे पाडलं असणार किंवा पडलं असणार. हा फोटो मामेभावाने ॲपवर रंगवून दिलाय.

२) गोल गोल खांबांची घुमटी, आत कुणाचातरी उभा पुतळा. दाढी असावी असं वाटतं.

३) बागेत उंच दगडी खांब, टोकावर माणसाचं डोकं, म्हणजे अर्धपुतळा. मागे झाडं.

४) नदी, फेरीबोट, मागे लांब पूल. बोटीत माझी आई आहे आणि कडेवर तान्हं मूल. हे मूल मी की माझा दादा यावर घरात कायम वाद. दादा १९६८ चा, मी १९७५ ची. हा फोटो मामाने काढलेला, आजोबांनी नाही.

५) एक गल्ली, उजव्या बाजूला डोंगर चढलेला दिसतो. कौलारू घर, वर लोखंडी कठड्याची गॅलरी, पायरीवर एक धोतर नेसलेले उघडे गृहस्थ उभे आहेत आणि खाली दुकानाचा अर्धा बोर्ड, कुठल्या भाषेत आहे तेच कळत नाही. मला सगळ्यात जास्त हाच फोटो ओळखायचाय कारण या घराचे तीन फोटो डब्यात आहेत, म्हणजे आजोबांचं इथे जाणं येणं असणार.

जी काही माहिती असेल ती सांगा, अगदी अंदाज असला तरी चालेल.


मळ्यातला:

ताई, २ आणि ३ बघता क्षणी ओळखले, सांगतो.

दोन नंबर म्हणजे आझाद मैदान. तुम्ही पणजीला शेकडो वेळा तिथून गेला असाल. ती घुमटी अजून तशीच आहे, खांब मोजून बघा. ते खांब जुन्या गोव्यातल्या पडक्या दोमिनिकन चर्चमधून आणलेले, म्हणजे जुनं शहर ओस पडलं आणि त्याच्याच दगडांवर नवं शहर उभं राहिलं, पणजीतल्या बऱ्याच जुन्या इमारतींची गोष्ट हीच आहे. आत जो पुतळा आहे तो आफोंसो द आल्बुकेर्क, ज्याने पोर्तुगीजांसाठी गोवा जिंकला तो. डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर पुतळा तिथून हलवला, आता तो जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या म्युझियममध्ये आहे, जाऊन बघता येतो. घुमटीत आता स्वातंत्र्यसैनिक टी. बी. कुन्हांचं स्मारक आहे. पुतळा जागेवर दिसतोय म्हणजे फोटो तो हलवायच्या आधीचा, त्यात शंकाच नको.

तीन नंबर म्युनिसिपल गार्डन, चर्चच्या समोरचं, पूर्वीचं नाव गार्सिया द ओर्ता. तो खांब १८९८ चा, वास्को द गामा आला त्याला ४०० वर्षं झाली म्हणून उभारलेला, आणि वरचं डोकं त्याचंच. खांब आजही तोच आहे, फक्त वर आता अशोकस्तंभाचे सिंह आहेत. माझा नातू त्या खांबाखाली खेळतो पण वर कोण होतं हे त्याला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. मला स्वतःला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण म्हणतो जुनी पणजी गेली, जुनी पणजी गेली, आणि ती अर्धीअधिक आपल्या डोळ्यासमोर उभी असते, फक्त डोक्यावरचं बदललेलं असतं.

एक नंबर मलाही कळेना. पाच नंबर गल्ली आमच्या मळ्याकडची, म्हणजे पणजीतल्या मळा वाड्याकडची, वाटते पण डोंगर चुकीच्या बाजूला आहे, म्हणून ठाम सांगत नाही.


दिवाडकर:

१ नंबर सेंट काजेतान असेल का? जुन्या गोव्यातलं, आदिलशहाच्या वाड्याच्या दरवाजापासून जवळ. ते पांढरं आहे आणि भव्य आहे.


जुने_कागद:

दिवाडकर, काजेतान नाही. काजेतान रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर बांधलेलं आहे, मधे मोठा घुमट आणि समोर दोन बाजूंना दोन मनोरे. या फोटोत घुमट नाही, समोर मनोरेही नाहीत.

ताई, आधी एक विनंती, रंगवलेला फोटो काढून मूळ काळा-पांढरा टाका. हे ॲप मनाने रंग भरतं आणि ज्या खुणांवरून ओळख पटायची त्याच पुसल्या जातात. आणि मागची बाजू पण टाका, कोरी असली तरी.


फोंड्याची नात:

टाकला मूळ. मागे काही लिहिलेलं नाही. फोटो साधारण तळहाताएवढा आहे, पांढरी किनार आणि कडा सरळ नाहीत, कातरल्यासारख्या लहरी लहरी आहेत.


जुने_कागद:

ताई, धन्यवाद. आता नीट बसून वाचा, कारण हे चर्च पडलेलं नाही, पाडलेलं नाही आणि तुम्ही ते नक्की पाहिलेलं आहे.

हे बॉं जेजू आहे. बॅसिलिका ऑफ बॉम जीझस. गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव जिथे आहे ते.

तुम्हाला ते ओळखू आलं नाही कारण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यात बॉं जेजू म्हणजे तांबडं, उघड्या चिऱ्यांचं. पण ते बांधलं तेव्हा तसं नव्हतं. १६०५ ला त्याचं लोकार्पण झालं तेव्हापासून साडेतीनशे वर्षं त्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता, गोव्यातल्या बाकी सगळ्या चर्चना आहे तसाच. विसाव्या शतकाच्या मध्यावर, १९५२ च्या सायबाच्या शवाच्या मोठ्या दर्शनाच्या आगेमागे जुन्या गोव्यात दुरुस्त्या निघाल्या आणि त्या काळात वास्तू 'मूळ रूपात' दाखवायच्या कल्पनेने बाहेरचा गिलावा खरवडून काढला. मूळ रूप म्हणजे उघडा दगड अशी समजूत. आणि जांभा हा उघडा ठेवायचा दगडच नाही हे आपल्या कुठल्याही गवंड्याला विचारा, तो सांगेल, चिरा सच्छिद्र असतो, पाऊस पितो, गिलावा ही त्याची कातडी. आता ७० वर्षं ती भिंत प्रत्येक पावसाळ्यात उघडी भिजतेय, जवळ जाऊन बघितलं तर चिऱ्यांना खळगे पडलेले दिसतात, बोट घासलं तर तांबडी पूड हाताला लागते. गिलावा परत घाला अशी मागणी होते तेव्हा लोकच म्हणतात की आमचं तांबडं चर्च बदलू नका. तुमच्या आजोबांचा फोटो अशा प्रत्येक माणसाला दाखवावा असा आहे.

ओळख कशावरून पटली ते पण सांगतो, नाहीतर माझ्या शब्दावर का विश्वास ठेवायचा. तीन दरवाजे, तीन खिडक्या, तीन गोल खिडक्या, हा क्रम बरोबर जुळतो. सगळ्यात वरच्या टोकावर झूम करा, मधल्या चौकटीत येशूसंघाची, म्हणजे जेझुइटांची, तीन अक्षरं आहेत, आय एच एस. भिंत पांढरी आहे पण खांब गडद दिसताहेत बघा, कारण ते चिऱ्याचे नाहीत, वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचे आहेत, त्यांना गिलावा नव्हता. आणि शेजारची दुमजली इमारत म्हणजे जेझुइटांचा मठ, काझा प्रोफेसा, तो आजही चिकटून आहे.

काळ असा काढायचा. लहरी कडा आणि पांढरी किनार हे कागद साधारण १९३० ते ५० च्या दशकातले. गिलावा शाबूत आहे म्हणजे दुरुस्तीच्या आधीचा. आजोबा नोकरीला कधी लागले ते आईला विचारा, वर्षं अजून कमी होतील.


फोंड्याची नात:

मला काय लिहावं कळत नाहीये. मी तिथे शाळेच्या ट्रिपला गेलेय, लग्नानंतर गेलेय, पाहुण्यांना घेऊन किती वेळा गेलेय. आईला फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले तर ती एकदम म्हणाली, अगं हो, बाबा म्हणायचे सायबाची इगर्ज, म्हणजे चर्च, सोलून काढली. आम्ही समजायचो काहीतरी चोरीबिरी झाली असेल. त्यांना हे म्हणायचं होतं!

आजोबा १९४४ ला नोकरीला लागले असं आई म्हणते.


जुने_कागद:

सोलून काढली. याहून बरोबर शब्द मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. ताई हे वाक्य फोटोच्या माहितीत जसंच्या तसं लिहून ठेवा, आईच्या नावाने. मग फोटो साधारण १९४४ ते ५२ या मधला धरा.


रायबंदरची:

४ नंबरबद्दल मी बोलते कारण तो पूल मी पडलेला पाहिला आहे.

हा नेहरू पूल. पहिला मांडवी पूल. १९७१ ला सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. म्हणजे ज्या फोटोत हा पूल धड उभा आहे तो फोटो या १५ वर्षांतलाच, आधीचाही नाही नंतरचाही नाही, इतकी पक्की खूण पणजीच्या फोटोत दुसरी मिळत नाही. आता जे दोन जुळे पूल आहेत ते १९९२ आणि १९९८ चे, आणि वरचा केबलवाला अटल सेतू २०१९ चा.

मी तेव्हा बारावीत होते. पावसाचे दिवस, बाबा सकाळी बाहेरून आले आणि दारातच म्हणाले पूल पडला, आईला वाटलं पणजीच्या पाटो भागातला छोटा पूल म्हणताहेत, कुणाचा विश्वासच बसेना, मग आम्ही चालत गेलो बघायला आणि मधला भागच नाही, दोन्ही बाजूंनी रस्ता येतो आणि पाण्यावर संपतो. आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या असं नंतर कळलं. पुढची सहा वर्षं सगळं परत फेरीबोटीवर आलं, पणजी-बेती फेरीच्या रांगा, छत्री एका हातात आणि पुस्तकं पोटाशी धरून मी त्या रांगेत उभी राहिले आहे, परीक्षेच्या दिवशी दोन तास आधी निघायचं. म्हणून हा फोटो बघून पोटात कालवलं.

आता तुमच्या घरातला वाद. फोटोत पुलावर ट्रक चाललेला दिसतोय, म्हणजे पूल बांधून पुरा झालेला आणि वाहतूक सुरू. म्हणजे १९७१ किंवा नंतर. तुमचा दादा तेव्हा तीन वर्षांचा तरी असणार आणि आईच्या कडेवरचं मूल वर्षाचंसुद्धा नाही, मान पण धड धरलेली नाही. ते तुम्हीच आहात ताई. फोटो १९७५-७६ चा.


फोंड्याची नात:

दादाला आत्ताच पाठवलं. आजवर तो फोटो त्याच्या घरच्या भिंतीवर लावलेला होता, कॉपी काढून. आईला बरं वाटलं ऐकून, तिला आठवत नव्हतं पण कबूलही करत नव्हती.

तुम्ही सगळे एवढा वेळ देताय, मनापासून आभार. आता राहिला ५.


म्हार्दोळचा:

मी पाच नंबरकडे काल रात्रीपासून बघतोय. मळ्यातले काका म्हणाले की डोंगर चुकीच्या बाजूला आहे, तेच धरून विचार करत होतो.

पायरीवर जे गृहस्थ उभे आहेत त्यांचं जानवं बघा. फोटो मोठा केला की स्पष्ट दिसतं. ते उजव्या खांद्यावरून डाव्या बाजूला आलंय. आमच्या घरात पौरोहित्य आहे म्हणून डोळा पटकन तिथे गेला. जानवं नेहमी डाव्या खांद्यावर, सव्य. उजव्या खांद्यावर म्हणजे अपसव्य, ते फक्त पितरांचं काही करताना, श्राद्धाला, तर्पणाला. घराच्या पायरीवर हसत उभं राहून फोटो काढून घेताना कुणी अपसव्य करणार नाही, शक्यच नाही.

म्हणजे माणूस बरोबर आहे, फोटो उलटा आहे. निगेटिव्ह उलट बाजूने ठेवून प्रिंट मारलाय. घरी किंवा छोट्या स्टुडिओत फिल्मला कागद चिकटवून प्रिंट काढायचे तेव्हा हे सहज व्हायचं. इमारत दोन्ही बाजूंनी सारखी दिसते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. माणसांवरून कळतं, जानवं, पदर कुठल्या खांद्यावर आहे, कोटाची बटणं, घड्याळ कुठल्या हातात. गाडी असेल तर स्टिअरिंग बघायचं, पोर्तुगालने १९२८ ला उजवी बाजू घेतली पण गोव्यात गाड्या डावीकडूनच चालत राहिल्या.

मोबाईलवर मिरर केला आणि बोर्ड वाचता आला. शेवटची अक्षरं रोमी लिपीत '...मासिया' अशी आहेत. फार्मासिया. औषधांचं दुकान. म्हणून भाषा कळत नव्हती ताई तुम्हाला, ती उलटी होती.


मळ्यातला:

वा रे पोरा! देव तुझं भलं करो.

उलटवून बघितला आणि आता मी ठाम सांगतो. डोंगर डावीकडे आला, तो आल्तिनो. पोस्टाकडे तोंड करून आमच्या रस्त्यावर उभं राहिलं की आल्तिनो डाव्या हाताला आणि ओरेंची खाडी उजव्या हाताला घरांच्या मागे. हा फोंताईन्यास, पणजीतला जुना वाडा, ३१ जानेवारी रोडचा पट्टा. रस्त्याचा तो हलका बाक पण बरोबर बसतो.

घर कुठलं ते नाव घेऊन सांगणार नाही, लोक राहतात तिथे, आणि इंटरनेटवर टाकायची गोष्ट नव्हे. आधीच सकाळपासून दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी तिथल्या माणसांना जीव नकोसा केलाय, खिडकी उघडायची सोय नाही. ताई, तुम्ही एखाद्या रविवारी या, मी बरोबर येतो. फोटोची प्रिंट घेऊन या, मोबाईल नको, उन्हात दिसत नाही. आणि घराचा रंग बघू नका, रंग दरवर्षी पावसानंतर बदलतो, गॅलरीच्या कठड्याची लोखंडी नक्षी बघायची. ओतीव लोखंड शंभर वर्षं तसंच राहतं, आणि एकाची नक्षी दुसऱ्याला सहसा नसते.


दिवाडकर:

हे सगळं वाचून मी पण घरातला एक फोटो काढून बसलोय. जुन्या गोव्यातला सेंट आगुस्तीन चर्चचा मनोरा, पण बाजूला चर्चच्या समोरच्या भिंतीचा बराच भाग उभा दिसतोय. आता तर नुसता एक मनोरा आहे. याचा काळ काढता येईल का?


जुने_कागद:

येईल की. आगुस्तीनचं छप्पर १८४२ ला कोसळलं, पण समोरची भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला तो १९३१ ला. समोरची भिंत उभी आहे म्हणजे तुमचा फोटो १९३१ च्या आधीचा. फार मोलाचा आहे, सांभाळा. कागद पातळ आणि पिवळट तपकिरी असून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर तो अजून जुना, एकोणिसाव्या शतकातला असू शकतो. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव छापलंय का बघा, तेव्हा सूझा अँड पॉल यांचे गोव्यातले फोटो बरेच निघाले, नोव्हा गोवा, म्हणजे पणजीचं तेव्हाचं नाव, असं खाली असायचं. तिथल्या मोठ्या घंटेचं पण सांगतो, ती आधी आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चच्या मधल्या उंच भागात आहे, तो भाग तिच्यासाठीच चढवला. म्हणून पणजीच्या चर्चचं एखादं चित्र मधल्या त्या उंच टोकाशिवाय दिसलं तर ते त्याच्या आधीचं.

अशा खुणा मनात ठेवायच्या. नदीकाठच्या फोटोत मांडवी हॉटेल आहे का, ते १९५२ चं. आणि जे दिसतंय त्याबरोबर जे नाही ते पण बघायचं. दुसरं, व्हॉट्सॲपवर 'जुनी पणजी' म्हणून जे फिरतं त्यावर भरवसा ठेवू नका, मी त्यात मकावचे फोटो पाहिलेत, लिस्बनचे पाहिलेत.

अजून शोधायचं असेल तर पाट्यावरच्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं आहेत, 'ओ हेराल्दो' १९०० पासूनचा. पर्वरीला झेवियर सेंटर आहे. पोर्तुगीज येत नसली तरी दुकानांच्या जाहिराती वाचता येतात, आणि फार्मासियांच्या जाहिरातीत पत्ता असायचाच. ताई, तुमच्या बोर्डचं पूर्ण नाव तिथे मिळू शकतं.


फोंड्याची नात:

बघते नक्की. एक विचारायचं होतं, चिकटलेले फोटो कसे सोडवू? आणि दोन फोटो आजीने कधीतरी एका दुकानात लॅमिनेट करून आणले होते, ते आतून पिवळे पडलेत आणि फुगे आलेत, कोपऱ्यातून सोलायचा प्रयत्न केला तर फोटोच निघायला लागला.


जुने_कागद:

लॅमिनेट केलेले अजिबात सोलू नका, हात लावू नका. तसेच स्कॅन करा. ते प्लास्टिक गरम करून चिकटवलेलं असतं, फोटोच्या वरच्या थरासकट निघतं. ज्यांच्या घरी अजून लॅमिनेट केलेले नाहीत त्यांनी करू नका, कितीही आग्रह झाला तरी.

एकमेकांना चिकटलेले पण ओढू नका. फोटोचा वरचा थर जिलेटीनचा असतो, आपल्या पावसाळ्यात ओल धरतो आणि गोंदासारखा होतो. कोरडे दिवस येईपर्यंत थांबा, फोटो सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद पेटीत ठेवा, सुटले तर आपोआप सुटतील. सुटले नाहीत तर जाणकाराकडेच न्या. बुरशी ओल्या फडक्याने पुसायची नाही, पसरते, कोरडी झाल्यावर मऊ ब्रशने अलगद. पत्र्याच्या डब्यात परत घालू नका, गंज लागतो. प्रत्येक फोटो साध्या पांढऱ्या कागदात वेगळा. स्कॅन ६०० डीपीआय, दोन्ही बाजू. आणि मागे पेनाने लिहू नका, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने, कडेला.


रायबंदरची:

मी एक जोडते, आई आहे तोवर तिच्यासमोर एकेक फोटो ठेवून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. तिला इमारत आठवणार नाही पण बाबा काय म्हणायचे ते आठवेल, ते 'सोलून काढली' सारखं.


फोंड्याची नात:

काल रविवारी पणजीला जाऊन आले. आईला घेऊन गेले होते. मळ्यातले काका वेळेवर पोस्टाजवळ उभे होते, काठी आणि टोपी, आणि आम्ही तिघं हळूहळू चालत गेलो, त्यांनी दाखवलं आणि मला आधी पटलंच नाही. घर निळं आहे, खालचं दुकान नाही, तिथे आता भिंत आणि एक खिडकी. शिंपल्यांची तावदानं जाऊन काचा आल्यात. मग काका म्हणाले कठडा बघ. फोटोत कठड्याच्या डाव्या टोकाला, म्हणजे उलटवलेल्या फोटोत, तिसऱ्या गजाचं भाल्यासारखं टोक तुटलेलं आहे. वर बघितलं आणि तिसरं टोक तुटलेलंच आहे. इतक्या वर्षांत कुणी बसवलं नाही. मी मोजलं, आईने मोजलं, परत मोजलं.

खालची पायरी पण तीच, मधे झिजलेली.

आतून एक बाई बाहेर आल्या, आधी जरा वैतागून, त्यांना वाटलं आम्ही पण फोटोवालेच. मी प्रिंट पुढे केली. त्यांनी बराच वेळ बघितली, मग म्हणाल्या दुकान होतं खरं, भाड्याने दिलेलं, सासूबाई सांगायच्या, पण फोटो घरात एकपण नाही. पायरीवरचे गृहस्थ त्यांच्या ओळखीचे नाहीत. बहुतेक दुकान चालवणारे असतील. आईला एवढंच आठवलं की बाबा पणजीहून येताना खोकल्याचं औषध आणायचे आणि ते दुसरीकडून आणलेलं त्यांना चालायचं नाही.

त्या बाईंनी कॉपी मागितली आहे, तिन्ही फोटोंच्या. सरळ करून प्रिंट काढायला दिल्यात, शुक्रवारी नेऊन देणार.

डब्यात अजून ३१ आहेत. पुढचे चार उद्या टाकते, या वेळी मूळ रंगात आणि मागच्या बाजूसकट. त्यातल्या एकाच्या मागे पेन्सिलीने 'काइश' एवढंच लिहिलंय, ते काय असेल?


मळ्यातला:

काइश म्हणजे धक्का, बोटी लागायचा. अल्फांदेग त्याच्या समोरच. टाका लवकर.